जनुक गप्प बसवणारा आरएनए आणि आपल्या प्रयोगवह्या



एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात, जैवतंत्रज्ञानाच्या उपयोगांच्या प्रकरणात एक छोटा परिच्छेद आहे. तंबाखूच्या मुळांना मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा नावाचा सूत्रकृमी लागतो, उत्पन्न घटतं, आणि त्यावर 'आरएनए इंटरफिअरन्स' या पद्धतीने उपाय करण्यात आला, असा त्यातला मजकूर. 'नीट' देणारी मुलं त्यातले चार शब्द पाठ करतात: सूत्रकृमीचं नाव, दुहेरी धाग्याचा आरएनए, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम आणि 'जनुक गप्प होतं'. मग पुढचं पान. प्रश्न आलाच तर एक येतो, त्याचे चार गुण. झालं काम.

मला इथे एक वेगळं म्हणणं मांडायचं आहे. हा परिच्छेद आपण उलट्या टोकाकडून शिकवतो. जनुक गप्प कसं होतं हे शिकवतो, पण ते गप्प होतं हे माणसांच्या लक्षात कसं आलं, हे शिकवतच नाही. आणि ही दुसरी गोष्ट आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीशी, म्हणजे ज्याला सगळे 'जर्नल' म्हणतात त्या वहीशी, थेट संबंधित आहे. पालकांनीही हे वाचावं असं मला वाटतं, कारण जर्नल पूर्ण करण्याची घाई घरातूनही तितकीच होत असते.

आधी विषय नीट समजून घेऊ. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिल्याच प्रकरणात प्रतिलेखन आणि भाषांतरण येतं. डीएनएमधल्या माहितीवरून एम-आरएनए तयार होतो, तो केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोसोमवर त्याच्यानुसार प्रथिन बनतं. वर्गात मी याला शाळेचंच उदाहरण देते. मूळ आदेश मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात असतो, तो कधीच वर्गात येत नाही. त्याची नकल काढलेली नोटीस शिपाईमामा घेऊन फिरतात. वर्गावरचे शिक्षक ती वाचतात आणि मग काम होतं. कपाटातला आदेश म्हणजे डीएनए, नोटीस म्हणजे एम-आरएनए, वर्गातले शिक्षक म्हणजे रायबोसोम, आणि झालेलं काम म्हणजे प्रथिन.

आता समजा, नोटीस वाटेतच कोणी फाडली तर? आदेश कपाटात जसाच्या तसा आहे. त्यातला एक कानाही बदललेला नाही. पण वर्गापर्यंत काही पोहोचलंच नाही, म्हणून काम झालं नाही. जनुक 'गप्प' होणं म्हणजे हे. इथे मुलं हमखास गोंधळतात. जनुक काढून टाकलं, जनुकात उत्परिवर्तन झालं, असं लिहून मोकळी होतात. 'गप्प बसवणं' हा शब्द मराठीत अगदी योग्य आहे, कारण गप्प बसलेलं माणूस जागेवरच असतं. क्रिस्परने जनुक कापणं आणि आरएनए इंटरफिअरन्सने ते गप्प बसवणं यातला फरक सांगायला याहून जास्त काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती घडली एका सूत्रकृमीत, पण तंबाखूच्या मुळावरच्या नव्हे. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, थोडक्यात सी. एलिगन्स. 'जंत' म्हटलं की वर्ग हसतो. हसू द्यावं. मग सांगावं की हा कोणाच्या पोटातला जंत नाही, हा कुजलेल्या फळापानांत राहणारा आणि जिवाणू खाणारा निरुपद्रवी प्राणी आहे. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. शरीर काचेसारखं पारदर्शक, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्यातल्या पेशी दिसतात. प्रौढ उभयलिंगी कृमीत प्रजनन पेशी सोडून नेमक्या ९५९ पेशी असतात, त्यातल्या ३०२ चेतापेशी. अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालायला त्याला साधारण तीन दिवस लागतात आणि एका कृमीला सुमारे ३०० पिल्लं होतात. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये हा प्राणी अभ्यासासाठी निवडला. त्यावरच्या कामासाठी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ साली नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या कृमीवर काम चालतं. 'नमुना सजीव' ही कल्पना मुलांना समजावताना उंदीर आणि माशी नेहमीच येतात. या कृमीलाही जागा द्या. पेशी मोजून संपतात असा प्राणी मुलांना फार आवडतो.

१९९० च्या दशकात या कृमीवर काम करणाऱ्यांकडे एखादं जनुक बंद पाडून पाहण्याची एक युक्ती होती. एम-आरएनए हा एकेरी धागा असतो. त्याला नेमका पूरक, म्हणजे ए समोर यू आणि जी समोर सी असा दुसरा धागा प्रयोगशाळेत बनवायचा आणि कृमीत टोचायचा. तो एम-आरएनएला जाऊन चिकटेल आणि मग तो एम-आरएनए वाचता येणार नाही, असा विचार. या पूरक धाग्याला 'अँटिसेन्स' म्हणतात. आमच्या नोटिशीच्या भाषेत सांगायचं तर नोटीस म्हणजे कागदावरचा ठसा आणि अँटिसेन्स म्हणजे त्याच ठशाचा शिक्का. शिक्का ठशावर बरोबर बसतो.

कॉर्नेल विद्यापीठात सू गुओ आणि केनेथ केम्फ्यूस हे दोघं 'पार-१' नावाच्या जनुकावर काम करत होते. कृमीच्या गर्भाची पहिली पेशी दोन असमान भागांत विभागते, त्यासाठी हे जनुक लागतं. त्यांनी अँटिसेन्स टोचला. अपेक्षेप्रमाणे पिल्लांत पार-१ बंद पडल्याची सगळी लक्षणं दिसली. छान. पण कोणताही नीट प्रयोग करणारा माणूस सोबत एक 'कंट्रोल', म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, लावतोच. त्यांनीही लावला. दुसऱ्या कृमींना अँटिसेन्सऐवजी 'सेन्स' धागा टोचला, म्हणजे एम-आरएनएसारखाच धागा. ठशावर ठसा बसत नाही, त्यामुळे इथे काहीही व्हायला नको होतं.

पण झालं. अगदी तसंच झालं. कंट्रोलमध्येसुद्धा पार-१ बंद.

इथे थांबा आणि मुलांना विचारा: तुमच्या जर्नलमध्ये असं आलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं? मी विचारते. उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक येतं: "मॅडम, कंट्रोलमध्ये काही झालं नाही असं लिहिलं असतं." का? "कारण तसंच यायला पाहिजे."

गुओ आणि केम्फ्यूस यांनी १९९५ साली 'सेल' या नियतकालिकात पार-१ वरचा शोधनिबंध छापला आणि त्यात हे न जुळणारं निरीक्षण जसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या निबंधाचा मुख्य विषय तो नव्हताच. या कोड्याचं उत्तरही त्यांच्याकडे नव्हतं. तरी लिहिलं. माझ्या मते या सगळ्या कथेत बारावीच्या मुलांना शिकवण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट ही आहे, आणि ती पाठ्यपुस्तकात एका ओळीनेही नाही.

असं विचित्र काहीतरी त्याआधीही दिसलं होतं. १९९० साली कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गन्सन, कॅरोलिन नेपोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग आणखी गडद व्हावा म्हणून रंग तयार करणाऱ्या मार्गातल्या एका जनुकाची जादा प्रत झाडात घातली. काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली. घातलेलं जनुकही गप्प आणि झाडाचं स्वतःचंही गप्प. पेटुनिया आपल्याकडे हिवाळ्यात कुंड्यांतून दिसतो, तेव्हा फूल हातात घेऊन हा भाग शिकवता येतो. न्यूरोस्पोरा या बुरशीतही १९९२ मध्ये तसाच प्रकार आढळला. म्हणजे तीन वेगवेगळ्या सजीवांत तीन ठिकाणी कोडं पडलं होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या नावाने त्याला हाक मारत होता.

उकल केली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांच्या गटांनी. फायर बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेत, मेलो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत. त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटतो. कंट्रोल बिघडला की आपण म्हणतो, "काहीतरी घाण राहिली असेल." परीक्षानळी धुतली नसेल, रसायन जुनं असेल. इथे शंका अशीच होती. प्रयोगशाळेत आरएनए बनवताना हव्या त्या धाग्यासोबत थोडासा उलट धागाही तयार होतो. म्हणजे सेन्समध्ये थोडा अँटिसेन्स, अँटिसेन्समध्ये थोडा सेन्स. दोन्हीकडे घाण. पण त्यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी विचारलं, कोणती घाण? आणि तीच तर काम करत नसेल?

मग प्रयोग केला. तो इतका सरळ आहे की दहावीच्या मुलालाही त्याची मांडणी कळते. त्यांनी 'अन्क-२२' हे जनुक निवडलं. कृमीच्या स्नायूंत भरपूर असणारं एक प्रथिन त्यापासून बनतं. ते कमी पडलं की कृमी मरत नाही, पण त्याचे स्नायू सारखे फडफडतात. म्हणजे जनुक गप्प झालं की नाही हे नुसतं बघून कळतं. त्यांनी सेन्स धागा काळजीपूर्वक शुद्ध केला आणि टोचला: परिणाम नगण्य. अँटिसेन्स शुद्ध करून टोचला: तोही नगण्य. दोन्ही एकत्र करून दुहेरी धागा बनवला आणि टोचला. कृमी आणि त्यांची पिल्लं जोरजोरात फडफडायला लागली.

अशुद्धता म्हणून जी बाजूला काढायची होती, तीच खरी कामाची वस्तू निघाली.

आणखी दोन निरीक्षणं मुलांना जरूर सांगा, कारण त्यातून विचार पुढे कसा सरकतो ते दिसतं. एक, जनुकाच्या ज्या भागांचा अंतिम एम-आरएनएत समावेशच होत नाही, म्हणजे इन्ट्रॉन किंवा जनुकाच्या पुढचा नियंत्रक भाग, त्यांचा दुहेरी धागा टोचला तर काही होत नाही. यावरून मारा कपाटातल्या आदेशावर नसून फिरणाऱ्या नोटिशीवर आहे, असा तर्क करता येतो. दोन, एका पेशीत दुहेरी आरएनएचे अगदी मोजके रेणू पोहोचले तरी परिणाम होतो. एम-आरएनए मात्र पुष्कळ असतात. म्हणजे एकाला एक असं चिकटून हे होत नाही, एकच रेणू पुन्हा पुन्हा वापरला जातोय किंवा त्याच्या प्रती वाढतायत. वर्गात इथे दोन मिनिटं शांत बसा आणि मुलांना तर्क करू द्या. कोणीतरी "मॅडम, मग एन्झाइम असेल" म्हणतंच.

हा शोधनिबंध १९ फेब्रुवारी १९९८ ला 'नेचर'मध्ये आला. फायर आणि मेलो यांना २००६ साली नोबेल मिळालं. आठ वर्षांत! नोबेलच्या मानाने हे फार लवकर झालं.

यंत्रणा पुढच्या चार-पाच वर्षांत उलगडली. पेशीत 'डायसर' नावाचं विकर असतं, ते दुहेरी धाग्याचे सुमारे २१ ते २३ अक्षरांचे तुकडे करतं. हे तुकडे 'रिस्क' नावाच्या प्रथिनसमूहात जातात. तिथे दोन धाग्यांपैकी एक टाकून दिला जातो आणि दुसरा वाटाड्यासारखा ठेवला जातो. त्याला पूरक असा एम-आरएनए सापडला की आर्गोनॉट हे प्रथिन तो कापतं. आमच्या शाळेत: नोटिशीला तिचा शिक्काच चिकटलेला असा कागद फाटकावर आला. अशी नोटीस कधी कोणी काढत नाही, म्हणून पहारेकऱ्याला संशय येतो. तो त्याचे तुकडे करतो, शिक्क्याचे तुकडे खिशात ठेवतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीवर लावून बघतो. जिथे बरोबर बसला ती नोटीस फाडतो. पहारेकरी संशयी का? कारण कित्येक विषाणूंच्या वाढीत दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. वनस्पतींत आणि अशा लहान प्राण्यांत ही यंत्रणा विषाणूंविरुद्धचं संरक्षण आहे. कृमीत याच्या पुढची पायरीही आहे, तिथे पेशी या तुकड्यांच्या नव्या प्रती बनवते. त्यामुळे मोजक्या रेणूंचं कोडं सुटतं. उपमा इथे संपते. खिशातले तुकडे आपोआप वाढणारा पहारेकरी मला काही शाळेत सापडला नाही.

फायर यांच्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी असंही दिसलं की टोचायचीही गरज नाही. दुहेरी आरएनए बनवणारे ई. कोलाय जिवाणू कृमीला खायला घातले तरी जनुक गप्प होतं. खाऊन! पुढे केंब्रिजमधल्या ज्युली आरिंगर यांच्या गटाने अशा जिवाणूंचा संग्रहच तयार केला आणि २००३ साली १६,७५७ जनुकं एकेक करून गप्प करून पाहिली. माणसांच्या औषधांतही हे आलं. २०१८ साली अमेरिकेत पॅटिसिरान या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. एका आनुवंशिक आजारात यकृतात बनणारं सदोष प्रथिन मज्जातंतूंत साचतं, त्या प्रथिनाचाच एम-आरएनए हे औषध कापतं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा टोचतात. आणि तंबाखूच्या सूत्रकृमीचं म्हणाल तर त्याचे भाऊबंद आपल्याकडे टोमॅटो, वांगी, डाळिंबाच्या मुळांवर गाठी करतातच. शेतकऱ्यांच्या मुलांनी त्या गाठी उपटलेल्या झाडांवर पाहिलेल्या असतात. पुस्तकातला तंबाखू सोडा, त्यांना घरचंच मूळ आणायला सांगा.

आता जर्नलकडे येते.

आपल्याकडे बारावीला जीवशास्त्राच्या लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. त्या तीस गुणांत जर्नलचा वाटा आहे. छापील जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती सगळं आधीच असतं. निरीक्षणाची जागा रिकामी असते खरी, पण ती कशाने भरायची हे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून सगळ्यांना माहीत असतं. काही ठिकाणी ती प्रयोगाच्या आदल्या रात्रीच भरलेली असते. हे मी कोणा एका शाळेबद्दल म्हणत नाही. तुम्ही शिक्षक असाल तर तुम्हाला माहीत आहे, पालक असाल तर तुम्ही रात्री अकरा वाजता त्या आकृत्या रंगवल्या असतील.

एक उदाहरण देते. पानात स्टार्च असतो का, हा प्रयोग आपण सगळे करतो. उन्हातल्या झाडाचं पान पाण्यात उकळायचं, मग जलपात्रात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग घालवायचा, धुऊन त्यावर आयोडीन टाकायचं: निळसर काळं. तुलनेसाठी अंधारात ठेवलेल्या झाडाचं पान: निळं होत नाही. आमच्याकडे नववीच्या एका गटात अंधारातलं पानही निळं झालं. गटातल्या तिघांनी वहीत "निळा रंग आला नाही" लिहिलं. एका मुलीने "दोन्ही पाने निळी-काळी झाली" लिहिलं आणि निष्कर्षाच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. मी तिला पूर्ण गुण दिले आणि त्या तिघांना विचारलं, तुम्ही कोणत्या पानाकडे बघून लिहिलंत?

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. अगदी सभ्यपणे बोलले. "मॅडम, बाकीच्यांचं बरोबर आलं, हिचंच चुकीचं तुम्ही तसंच राहू दिलंत. पुढे बोर्डाला बाहेरचे परीक्षक असं बघून घेतील का?" त्यांची काळजी खोटी नाही. बाहेरचे परीक्षक एका दिवसात ढीगभर जर्नल बघतात, प्रश्नचिन्ह बघून त्यांना कौतुक वाटेलच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की तिचं निरीक्षण चुकीचं नाही, प्रयोगातली एक अट अपुरी पडली आहे, आणि कोणती ते ती शोधते आहे. तिने शोधलंही. झाड एकच रात्र अंधारात होतं. पानातला आधीचा स्टार्च संपायला तेवढा वेळ पुरला नव्हता. दोन दिवस अंधारात ठेवून पुन्हा केलं, मग फरक आला. त्या गटात 'झाड अंधारात कशासाठी ठेवायचं' हे नीट कळलं ते तिलाच. बाकी तिघांच्या वहीत उत्तर बरोबर होतं, पण अंधाराचं कारण कोणालाच सांगता आलं नाही.

माझ्या या म्हणण्यावर सहकारी शिक्षकांचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे: "प्रत्येक बिघडलेला प्रयोग म्हणजे नोबेल नव्हे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा नळीच घाण असते." अगदी खरं. विचित्र निरीक्षण आलं की ते डोक्यावर घेऊन नाचावं असं मी म्हणत नाही. गुओ-केम्फ्यूस यांचं निरीक्षण नोंदवण्यालायक ठरलं कारण त्यांनी कंट्रोल लावलेला होता आणि त्यांची पद्धत विश्वासार्ह होती. फायर-मेलो यांनीही "काहीतरी अद्भुत आहे" असं म्हणून निबंध छापला नाही. शुद्ध करून, वेगवेगळं करून, पुन्हा एकत्र करून पाहिलं. मुलांना एवढंच सांगायचं की आधी दिसलं ते लिहा, मग पुन्हा करा, तरी तसंच आलं तर कोणती अट वेगळी होती ते शोधा. नळी घाण निघाली तर "नळी घाण होती" हेही वहीत लिहा. खोडरबर मात्र कंपासपेटीत ठेवा.

दुसरा आक्षेप वेळेचा. साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला मोजक्या तासिका, त्यात पुन्हा प्रयोग कसा करणार? खरंय. सगळे प्रयोग दोनदा होणार नाहीत. पण वर्षात दोन प्रयोग असे निवडा की ज्यांच्या निरीक्षणाला बरोबर-चूक असे गुण नाहीत. गुण फक्त दोन गोष्टींना: दिसलं तेच लिहिलं का, आणि कंट्रोल कशासाठी होता हे तोंडी सांगता आलं का. मी गेली काही वर्षं असं करते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, जादा साहित्य लागत नाही.

पालकांना एक विनंती. मूल प्रयोग करून घरी आलं की "उत्तर बरोबर आलं का?" असं विचारू नका. "काय दिसलं?" असं विचारा. आणि जर्नल लिहून देणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. त्यातून अक्षर सुंदर मिळतं, बाकी काही मिळत नाही.

बारावीच्या शिक्षकांसाठी एक प्रश्न देते, चाचणीत घालून बघा: 'एका जनुकाचा अँटिसेन्स आरएनए टोचल्यावर ते जनुक गप्प झाले. कंट्रोल म्हणून सेन्स आरएनए टोचला तरीही ते गप्प झाले. याची दोन संभाव्य कारणे लिहा आणि त्यातले कोणते खरे हे ठरवण्यासाठी प्रयोग सुचवा.' 'टोचण्यानेच कृमीला इजा झाली असेल' हे कारण मुलं आधी लिहितात. ते चांगलं कारण आहे, त्याला गुण द्या. त्यासाठी नुसतं द्रावण टोचून पाहायचं, हा प्रयोग त्यांना थोड्या विचाराने सुचतो. 'दोन्हीत एकमेकांची भेसळ असेल' हे थोडी मुलं लिहितात, आणि ज्यांच्या घरी दुधाचा धंदा आहे ती बरीचशी लिहितात असा माझा अनुभव.

स्टार्चचा प्रयोग कोणी सोमवारी ठेवणार असेल तर कुंडी शनिवारी सकाळीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवा. रविवारची सुट्टी आयती कामी येते. एक दुसरी कुंडी मात्र मुद्दाम रविवारी रात्री ठेवा, आणि कोणती कधी ठेवली हे मुलांना आधी सांगू नका.